आमच्या बॅचचा रोजनामा

फॉर्म मीच बनवला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? २००० साली आम्ही एलएलबी होऊन बाहेर पडलो. पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ग्रुपवर ठरलं आणि काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आलं. मी बँकेत लॉ ऑफिसर, म्हणजे 'तुला काय, पाच वाजता घरी', असं आमच्या वकील मंडळींचं जुनं ठाम मत. फॉर्मला रकाने चार: रोल नंबर, नाव, सध्या काय करता, कुटुंब. बासष्टांपैकी तिसांनी भरला आणि तोही कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहितात तसा. जेवढं कबूल करणं भाग आहे तेवढंच. 'वकिली. पत्नी, दोन मुले.' बाकी सर्व मजकूर नाकबूल.

शेवटी नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आत, डिसेंबरात, पाच दिवसांची रजा टाकली. नवरा म्हणाला, "फोनवर विचार ना." फोनवर वकील काय सांगतात ते मला पाठ आहे. "मॅटर बोर्डावर आहे, नंतर बोलतो." तो 'नंतर' २००० सालापासून आलेला नाही.

खरी नावं लिहीत नाही. एकीने तशी तंबीच दिली आहे, आणि ती जज्ज आहे.

सोमवार, मुंबई

पुण्याहून डेक्कन क्वीन. सीएसएमटीला उतरून चालत हायकोर्ट गाठलं. ही इमारत १८७८ सालची. वर न्याय आणि दया यांचे पुतळे, आणि खाली खांबावर कुणा मिश्कील पाथरवटाने कोरलेला माकड न्यायाधीश. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. जवळच गळ्यात वकिलांची पांढरी पट्टी, म्हणजे बँड, बांधलेला कोल्हाही आहे. वर्गाच्या सहलीत आम्ही या कोल्ह्यावर पोट धरून हसलो होतो. आता बँडवाले शेजारून भराभर चालले होते, आणि त्यातल्या एकाचंही लक्ष वर नव्हतं. कोर्टासाठी वांद्र्याला नवी इमारत व्हायची आहे, गेल्याच महिन्यात पायाभरणी झाली. तिथे असा कोल्हा कोरायची कुणाची छाती होईल असं वाटत नाही.

मला भेटायचं होतं आमच्या मूटसम्राटाला. मूट कोर्टाच्या, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यांच्या, सगळ्या ढाली याच्या. त्याचं मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, बरंच खाली होतं, म्हणून तोवर ४६ नंबरच्या कोर्टाकडे गेले. २२ जुलै १९०८ला टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा इथेच झाली. ज्युरीतले सात विरुद्ध, दोन बाजूने. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, हे त्यांचं म्हणणं ज्या कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं त्याच कोर्टाने पुढे आपल्या भिंतीवर कोरून लावलं. समोर एक ज्युनिअर पोरगी पाठीवर गठ्ठा घेऊन, त्या शिळेला टेकून फोनवर 'मॅडम, अजून सतरावाच चालू आहे' सांगत होती.

मूटसम्राटाचा फॉर्म सगळ्यांत लांब. 'सध्या काय करता' मध्ये चौदा ओळी. 'कुटुंब' मध्ये 'लागू नाही'. पहिल्या वर्गातल्या मुलाने गाळलेली जागा भरावी तसं ते लिहिलेलं. कँटीनमध्ये मी विषय काढला नाही, त्यानेच काढला.

"परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबावं लागतं. २०१७ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही मुदत बंधनकारक नाही, योग्य केसमध्ये माफ करता येते. त्या निकालावर मी लोकांना किती वेळा मोकळं करून दिलं, मोजलेलं नाही. अर्ज तोंडपाठ आहे माझा."

"मग?"

"स्वतःच्या वेळी अर्ज केला नाही. पूर्ण सहा महिने थांबलो."

का, ते मी विचारलं नाही. त्याने चहा बशीत ओतून प्यायला. कॉलेजातही असाच प्यायचा आणि मुंबईच्या मुली हसायच्या. मुलगी आईकडे असते, दर रविवारी याच्याकडे येते, तिला कायदा अजिबात नको आहे, मातीची भांडी करते. तिने केलेलं एक वाकडं पेनस्टँड त्याच्या चेंबरमध्ये पाहिलं. त्यात पेन उभं राहत नाही, म्हणून त्याने त्यात बँड ठेवले आहेत.

'लागू नाही' मी खोडू का, असं विचारलं. म्हणाला, "खोड, पण काय लिहायचं ते मला पाठवून मगच छाप." वकील तो वकील.

मंगळवार, मुंबई ते सातारा

बीकेसीत एका कंपनीची लीगल हेड. वीस मिनिटं मिळाली, त्यात तीन फोन. तिने फॉर्म सेक्रेटरीकडून भरून घेतला होता आणि तो बरोबर होता, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही. उतरताना लिफ्टपाशी मात्र तिने हळूच विचारलं, "आपल्यातलं अजून कुणी गाऊन घालतं गं?" मी म्हटलं, निम्मे तरी घालतात. "माझा कुठे आहे ते आठवत नाही," म्हणाली, आणि लिफ्ट आली.

दुपारी साताऱ्याची एसटी पकडली. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने न विचारता अर्धं फाडलं, मला उगाच वय झाल्यासारखं वाटलं. खंबाटकी उतरेपर्यंत अंधार पडला.

बुधवार, सातारा

यादीत २७ नंबरपुढे मी पेन्सिलीने 'दिवंगत' लिहून ठेवलं होतं. आमचा मास्तर. वर्गात प्रत्येकाला समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. साताऱ्यात फौजदारी वकिली केली आणि एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेला. तेव्हा कुणालाच जाता आलं नव्हतं. वहिनींना भेटून यायचं, फोटो मागायचा, एवढंच मनात होतं.

वहिनी दारात भेटल्या त्या काळ्या कोटात. "ताई, साडेदहाला मला कोर्टात पोचायचंय, चालत चालत बोलू."

मास्तर गेल्यावर पक्षकार कागद न्यायला यायला लागले. वहिनी बीकॉम, लग्नानंतर घरीच. पण त्याचं टायपिंग, त्याची तारखांची डायरी, सगळं त्याच करायच्या. फाइल परत देण्याआधी पानं मोजायची, यादी करायची, सही घ्यायची. हे करता करता त्या वाचायला लागल्या. "एकशे बेचाळीस फायली होत्या. शंभराव्या फायलीला मला कळायला लागलं की ह्यांनी इथे उलटतपासात हा प्रश्न का सोडला. मग म्हटलं, कळतंयच, तर परीक्षा देऊया." एकेचाळिसाव्या वर्षी एलएलबीला प्रवेश. वर्गातली मुलं काकू म्हणायची. २०२४ला पास, मग वकिलीची सनद, मग ऑल इंडिया बारची परीक्षा.

"नशीब बघा," त्या हसत सांगत होत्या, "पहिल्या वर्षी इंडियन पीनल कोड घोकलं आणि बाहेर पडले तेव्हा १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. ४२० गेलं, ३१८ आलं. जुन्या गुन्ह्यांना जुनाच कायदा, म्हणून दोन्ही पुस्तकं पिशवीत. पण एक झालं. तीस-तीस वर्षांचे सिनिअर आता बाररूममध्ये मला विचारतात, वहिनी, जबरी चोरीचं नवं कलम काय हो?"

कोर्टाच्या पायरीवर त्यांनी गाऊन चढवला. कोट नवा शिवलेला, गाऊन मास्तरचा. उंचीला चार बोटं दुमडून आतून टीप मारली आहे, बाह्याही आखूड केल्या आहेत. मानेपाशी आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने २७ आकडा. मूटला सगळ्यांचे गाऊन एकत्र टांगलेले असायचे, अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही रोल नंबर घातले होते. माझ्यावर ३४ होता. अक्षराच्या कडा उडाल्या आहेत, पण साताची शेपटी तशीच, मास्तर काढायचा तशी लांब. मी तिथे बोट टेकवलं. वहिनींनी मान वळवली नाही, मला पाहू दिलं, मग म्हणाल्या, "धुतला की पुसट होतो. मी परत गिरवत नाही."

आत त्यांचा एक जामीन अर्ज होता. सरकारी वकिलांचं म्हणणं आलं नव्हतं, तारीख पडली. चार मिनिटांचं काम. बाहेर येऊन त्यांनी पक्षकाराच्या आईला पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली, परत वाचून दाखवली, मग तिच्याकडून म्हणवून घेतली. हुबेहूब मास्तर.

फॉर्म मी पुढे केला. 'दिवंगत' त्यांनी तसंच ठेवलं. पुढे लिहिलं: 'सातारा जिल्हा न्यायालय, फौजदारी.' कुटुंबाच्या रकान्यात मुलाचं नाव, बारावी शास्त्र. मग स्वतःचं. नाव लिहून झाल्यावर पेन थांबलं, आणि नावाच्या आधी जी जागा उरली नव्हती तिथे कोंबून त्यांनी 'अ‍ॅड.' लिहिलं.

दुपारी मोकळी होते म्हणून क्षेत्र माहुलीला जाऊन आले, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. रामशास्त्री प्रभुणे इथले. वक्तृत्व स्पर्धेत आमच्या बॅचने रामशास्त्र्यांना किती राबवलं असेल! १७७३ला नारायणरावांचा खून झाला, शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. टाळ्या. पुढे बारभाईंनी त्यांना परत बोलावलं, ते भाषणात कुणी घेत नसे, त्याने टाळ्या कमी होतात. मला घाटावर बसून वेगळंच वाटत होतं. त्यांच्या घरी हा फॉर्म गेला असता तर 'सध्या काय करता' मध्ये शास्त्रीबुवांनी एक शब्दही लिहिला नसता, आणि नोकरी सोडून घरी आल्यावर चूल कशी चालली ते बाईंनी लिहिलं असतं, पण त्यांना रकाना कोण देणार? पाणी गार होतं. पाय घालून पंधरा मिनिटं बसले.

संध्याकाळी जज्ज मैत्रीण. गाव सांगत नाही, पद सांगत नाही. वर्गातली सर्वांत बडबडी मुलगी ही. आता वाक्य संपवून थांबते आणि तुम्ही ते नीट ऐकलंत का ते पाहते. गावात कुणाच्या लग्नाला जात नाही, भिशीत नाही. कोण जाणे, उद्या कोण पक्षकार म्हणून समोर येईल. आमच्या ग्रुपवरही ती नाही, अर्धा ग्रुप वकिलांचा म्हणून. बदल्या झाल्या त्यात मुलीच्या शाळा सहा. बंगल्यातल्या आतल्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे, पडद्यांनी गच्च भरलेली. प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्यांची मापं वेगळी, दर वेळी नवे शिवायचे, जुने ट्रंकेत. "निवृत्त झाले की सगळ्या मापांच्या खिडक्या असलेलं घर बांधणार," म्हणाली, आणि मग मात्र पूर्वीसारखी खळखळून हसली.

मुलगी पाच वर्षांच्या लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला आईसारखंच जज्ज व्हायचं आहे. पण गेल्या २० मेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आधी तीन वर्षं वकिली, मग परीक्षा. मुलगी चिडलेली. आई जाम खूश. "तीन वर्षं बाकावर बसेल, तारखा घेईल, कुणाचा तरी ओरडा खाईल. मग तिला कळेल समोरचा ज्युनिअर घाबरून काय बोलतोय ते."

गुरुवार, सांगली

महामार्गाचं काम चालू आहे, कराडच्या पुढेमागे गाडी वळसे घालत जाते. सांगलीत पोचायला दुपार झाली.

इथलं जोडपं आमच्याच वर्गातलं, रोल नंबर ११ आणि १२. हजेरीत शेजारी, मग बाकावर, मग बोहल्यावर. दोघांनी फॉर्म वेगवेगळे भरले आणि कुटुंबाच्या रकान्यात ११ने लिहिलं 'पाहा १२', १२ने लिहिलं 'पाहा ११'. असला वात्रटपणा छापायचा कसा, हा माझा प्रश्न.

अकराने तीन वर्षं वकिली केली, मग वडील आजारी पडले आणि हळदीची अडत त्याच्याकडे आली. वकिली करणाऱ्याला स्वतः धंदा करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम. त्याने सनद स्थगित करून घेतली. लोक म्हणतात कायदा सोडला. तो म्हणतो, सोडला नाही, टांगून ठेवलाय. बारा दिवाणी चालवते, वाटपाचे दावे जास्त. रात्री जेवणं झाली की खातेउतारे आणि फेरफार तोच वाचतो, नखं पिवळीधमक. ती म्हणते, "माझा सगळ्यात हुशार ज्युनिअर. पगार नाही, सही नाही, आणि उलट बोलतो."

ऑगस्ट २०१९च्या पुरात गावभागातलं त्यांचं घर बुडालं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. वरच्या मजल्यावर न्यायच्या फायली अर्ध्याच नेऊन झाल्या. खाली राहिलेल्या फायली आणि हळदीच्या वानगीच्या पिशव्या एकाच खोलीत, पाणी ओसरलं तेव्हा सगळं एकजीव. त्यांनी गच्चीवर दोऱ्या बांधून कागद एकेक करून चिमट्यांनी वाळत घातले. एक साठेखत तिने मला दाखवलं, मूळ मालकाने कधी परत नेलंच नाही. स्टॅम्पपेपरच्या कडेला पिवळा काठ, लुगड्याला असावा तसा, सलग. सहा वर्षांनीही नाकाशी धरलं तर वास येतो. "आमच्या लग्नात लागली नाही एवढी हळद ह्या दाव्याला लागली," बारा म्हणाली. दावा अजून चालू आहे.

त्याने वकिली सोडली की तिने त्याच्यासाठी मुंबईची संधी सोडली, यावर जेवताना वाद झाला. दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. निकाल राखून ठेवला.

शुक्रवार, कोल्हापूर

शेवटचा आमचा महालक्ष्मी. देवीवरून नाही, रेल्वेवरून. कोल्हापूरची अपिलं मुंबईला, म्हणून हा रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचा, सकाळी मुंबईत उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचा, कोर्ट करायचा, आणि रात्री त्याच गाडीने परत. मॅटर पोचलंच नाही तर नुसतं जाणं-येणं. आठवड्याला एकदा, कधी दोनदा, वीस-बावीस वर्षं. पक्षकारही बरोबर, कोडोली नाहीतर गारगोटीचा म्हातारा, भाकरीचं गाठोडं घेऊन, कोर्टात फक्त आपलं नाव पुकारलेलं ऐकायला.

कोल्हापूरला खंडपीठ हवं ही मागणी चाळीस वर्षांहून जुनी. मोर्चे, उपोषणं, कामकाजावर बहिष्कार. महालक्ष्मी सगळ्यांत होता. आणि १८ ऑगस्ट २०२५पासून इथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, भाऊसिंगजी रोडवर. याच इमारतीत तो ज्युनिअर म्हणून पहिल्यांदा उभा राहिला होता. मला बघायला घेऊन गेला तो स्वतःचं घर दाखवावं तसा. "इथे बघ, आमचा स्टँप व्हेंडर बसायचा. इथे मी पहिली पुरसीस लिहिली, चुकली."

दुपारी घरी जेवायला. घर कोर्टापासून दहा मिनिटांवर. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "हे रोज घरी असतात, त्याचं काय करायचं ते सांगा तुम्ही. दोन रात्री तरी रिमोट माझ्याकडे असायचा. आता रोज साडेआठला बातम्या." मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तो म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे बाबा सोमवारी जातात." महालक्ष्मी ताटाकडे बघून हसला. मग म्हणाला, "ह्याची मुंज सोडली तर शाळेतलं एकही गॅदरिंग पाहिलं नाही मी. बेंच आलं तेव्हा पेढे वाटून घरी आलो, तर हा हॉस्टेलला."

दाराच्या मागे खुंटीवर काळी रेक्झिनची बॅग. मी हात लावला तर जड लागली. भरलेलीच होती. दाढीचं सामान, एक पांढरा शर्ट, बँड, चादर, हवा भरायची उशी, स्टीलचा छोटा डबा.

"कशाला रे?"

"असू दे," म्हणाला. वहिनींनी सांगितलं, दर महिन्याला शर्ट धुऊन परत तिथेच ठेवतात.

फॉर्म त्याने हातात घेतला, 'सध्या काय करता' वर थोडा वेळ थांबला आणि लिहिलं, 'घरी येतो.' मी म्हटलं हे व्यवसायाच्या रकान्यात चालणार नाही. म्हणाला, "मग तुझा रकाना चुकलाय." तसाच ठेवला.

रात्री पुण्याला परतायला मी मुद्दाम महालक्ष्मीचंच तिकीट काढलं होतं. तो सोडायला आला. फलाटावरच्या चहावाल्याने लांबूनच हात केला, "वकीलसाहेब! चार महिने झाले, आजारी होता काय?" त्याने माझी बॅग उचलून डब्यात नेली, बर्थच्या खाली कुठे ठेवली की पाय लागत नाही ते दाखवलं, कुठल्या बाजूचं संडासाचं दार नीट लागत नाही ते सांगितलं, पंख्याचं बटण पेनच्या टोकाने फिरवून दाखवलं. टीसीला नावाने हाक मारली. गाडीने शिट्टी दिली तरी उतरेना.

"उतर, नाहीतर जाशील मुंबईला."

उतरला. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालला, घड्याळ पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "मिरजेला थांबते, तिथे चहा घे, पण मागच्या टपरीवरचा नको."

मिरजेला फोन आला. "घेतलास?"

"घेतला."

"कुठला?"

"मागच्या टपरीवरचा."

पलीकडे वहिनींचा आवाज येत होता, आणि बातम्यांचा.